मंदीने घडवलेलं कापसाचं वऱ्हाड

वऱ्हाडात कापसाच्या जुन्या गोष्टी निघाल्या की चांदीच्या धावांची गोष्ट हटकून निघते. अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, इंग्रजाने आपला कापूस मागेल त्या भावाने उचलला, आणि कास्तकाराकडे इतका पैसा खुळखुळू लागला की त्याने गाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्या! त्या काळच्या इंग्रजी लिखाणातही हा मजकूर आहे. माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. चांदी मऊ असते. आमच्या पांदणीतल्या दगडधोंड्यांत ती धाव हंगामभरही टिकायची नाही. आणि वऱ्हाडी माणसाला चांदी मिळाली तर तो ती बायकोच्या अंगावर घालेल, नाहीतर मडक्यात घालून पुरेल. चिखलात कशाला लोळवेल?

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. सरकारी खरेदी केंद्रावर कापसाचा ग्रेडर होतो, म्हणजे गाड्यांच्या रांगेपुढे उभं राहून कापूस चिवडायचा आणि प्रत ठरवायची. निवृत्तीनंतर जुनी गॅझेटिअरं, शिरगणतीचे अहवाल, कापूस खात्याचे रिपोर्ट वाचण्याचा नाद लागला. ते वाचून माझं एक मत झालं आहे. वऱ्हाड कापसाचं झालं ते यादवीच्या तेजीमुळे, असं सगळे सांगतात. माझ्या मते तेजीने फक्त चटक लावली. वऱ्हाडाला कापसाला बांधून टाकलं ते तेजी ओसरल्यावरच्या मंदीने.

कापूस आमच्याकडे इंग्रजाच्या आधीपासून पिकत होता, परदेशी जात नव्हता एवढंच. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर तो लादून नागपूर-जबलपूरवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला नेत. पाचशे मैलांची वाट, पावसाळ्यात बंद. खामगावात १८२०च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी दुकानं थाटली तेव्हा मुख्य धंदा तुपाचा आणि सुताचा होता, कापूस नावापुरता. त्याला मुंबईची वाट दाखवली ती तारापूरच्या विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी भावांनी. १८२५-२६च्या सुमारास त्यांनी वऱ्हाडातून मोठा माल बैलांवर लादून घाटाखाली उतरवला, पुढे इकडे दाबयंत्रंही बसवली. निजामाला ते कर्ज देत आणि त्यापोटी वऱ्हाडचा वसूल त्यांच्याकडे गहाण असे. पुढे निजाम सरकारने वसूल काढून घेतला, कर्ज मात्र फेडलं नाही, आणि ही पेढी बुडाली. वऱ्हाडच्या कापसावर पहिलं दिवाळं वाजलं ते असं, इंग्रजी अंमल येण्याआधीच.

१८५३ साली हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केलं. त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. दोन्ही एकाच वर्षी घडलं हा योगायोग खरा, पण मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना दोन्ही हवं होतं हा योगायोग नव्हे. एकट्या अमेरिकेवर विसंबणं धोक्याचं आहे हे त्यांना कळत होतं. इंग्लंडात लागणाऱ्या कापसाचा साधारण चार-पंचमांश हिस्सा तिकडून येई. १८५७ साली त्यांनी कापूस पुरवठ्यासाठी खास मंडळ काढलं. यादवी सुरू झाली १८६१च्या एप्रिलात आणि संपली १८६५च्या एप्रिलात. त्या चार वर्षांत लिव्हरपूलला हिंदुस्थानी कापसाचा भाव चौपट झाला.

मुंबईत काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. गाद्या उसवून कापूस विकल्याच्या गोष्टी, सट्ट्याचा राजा प्रेमचंद रायचंद, बॅकबे भरावाचे शेअर, आणि तो सगळा सट्टा कोसळला तो १ जुलै १८६५चा काळा दिवस. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर प्रेमचंदांनी आईच्या नावाने दिलेल्या पैशातून उभा राहिला, तेवढी खूण मागे राहिली. तरुण जमशेटजी टाटा ऐन तेव्हा लंडनला होते. कापसाच्या हुंड्या घेऊन गेले आणि पोहोचतात तो भाव कोसळलेले.

वऱ्हाडचं काय? इथे तारखांकडे नीट बघावं लागतं. भुसावळहून निघालेला लोहमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचला १८६७ साली. म्हणजे युद्ध संपून दोन वर्षं झाल्यावर. तेजीच्या दिवसांत आमचा कापूस बैलगाड्यांनी जात होता. वाटेत भिजत होता, धुळीने माखत होता, आणि भावाचा मोठा वाटा भाड्यात नि दलालीत विरत होता. कास्तकाराला पैसा मिळाला, नाही असं नाही. पण पीकपद्धत उलटीपालटी करण्याइतकी ती तेजी टिकलीही नाही आणि खेड्यात खोलवर पोहोचलीही नाही.

खरा बदल पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत झाला, भाव पडलेले असताना. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला, जलंब ते खामगाव या फाट्याचं उद्घाटन करायला. तेरा किलोमीटरचा फाटा आणि उद्घाटनाला व्हाइसरॉय! पुढच्या वर्षी बडनेरा-अमरावती फाटा झाला, तोही एवढासाच. हे नकाशावर बघण्यासारखं आहे. पूर्णेच्या सपाटीतून मुख्य मार्ग सरळ जातो आणि जिथे कापसाचा बाजार आहे तिथे एकेक बोट बाहेर निघतं. खामगावहून बुलढाण्याला, अमरावतीहून यवतमाळला जायचं तर या लोहमार्गाचा उपयोग शून्य. गाव गावाला जोडण्याचा तो हिशेबच नव्हता. प्रत्येक बाजार मुंबईच्या गोदीला जोडायचा होता. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद रुळांची गाडी आली, जिला लोक शकुंतला म्हणतात. ती बांधली किलिक निक्सन या विलायती कंपनीने, तीही कापसासाठी. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरात घडलेलं आणि ते १९९४पर्यंत धावलं. यवतमाळच्या बाजूला रुंद रुळांचा मार्ग येऊ लागला तो आत्ता, २०२४ साली वर्धा-कळंब टप्पा सुरू झाल्यावर. कापूस न्यायचा नसता तर तो भाग त्याआधी शंभर वर्षंही असाच कोरा राहिला असता, हेही खरं.

रेल्वेमागोमाग वाफेचे प्रेस आले. सैल भरलेली पोती आगगाडीला परवडत नाहीत आणि जहाजाला तर नाहीतच; कापूस दाबून त्याची घट्ट गाठ केली पाहिजे. प्रेस घालायला भांडवल लागतं. ते युरोपियन कंपन्यांकडे होतं आणि मुंबईच्या व मारवाडी पेढ्यांकडे होतं. रॅली ब्रदर्स ही ग्रीक घराण्याची कंपनी आणि व्होल्कार्ट ब्रदर्स ही स्वित्झर्लंडची, या दोघींची माणसं खामगावात ठाण मांडून बसली. (व्होल्कार्टचं नाव आपल्या घरातही आहे: व्होल्टास म्हणजे व्होल्कार्ट आणि टाटा.) त्याच १८७० साली विलायतेहून मुंबईपर्यंत समुद्रातून तार आली. त्याआधी लिव्हरपूलचा भाव इकडे यायला बरेच दिवस लागत आणि त्या अवधीत इथला अडत्या आपल्या अंदाजाने भाव करी. आता मुंबईची तार आली की खामगावात भाव फुटू लागला.

जिनिंगची गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण ती माझ्या जिव्हाळ्याची आहे आणि पुस्तकांत ती दोन ओळींत उरकतात. आधी सरकी वेगळी करायचं काम घरीच होई, हाताने फिरवायच्या रेच्यावर, बहुधा बायका करत. रुई विकायची, सरकी घरात राहायची. त्यातली चांगली बियाण्याला, बाकीची म्हशीला. म्हणजे ज्या शेतातलं बी, त्याच शेतात पुढच्या मृगाला. वाफेचे जिन आले तेव्हा कास्तकार सरकीसकट कापूस विकून मोकळा होऊ लागला. जिनात पन्नास गावांचा माल एका ढिगात पडतो. पेरणीच्या वेळी तो जिनातूनच सरकी विकत आणणार, तीही सावकाराच्या उधारीवर, आणि त्या पोत्यात कुठलं बी कुठल्या शेताचं हे देवालाही सांगता यायचं नाही. हिंगणघाटची बणी ही लांब तारेची देशी जात एके काळी नावाजलेली होती. तिचा मागमूस अशानेच गेला.

भेसळीचा दोष सगळा शेतकऱ्यावर. मुंबई सरकारने १८६३ सालीच कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा केला होता. पाणी मारणं, सरकी मिसळणं, माती घालणं गुन्हा ठरलं. ग्रेडर म्हणून मी पाणी मारलेला कापूस भरपूर पाहिला आहे, शेतकरी साव आहे असं मी म्हणणार नाही. पण बियाण्याची भेसळ शेतात झाली नव्हती. ती जिनात झाली.

शिवाय खरेदीदाराला बणी नकोच होती. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि आमचा कापूस लँकेशायरपेक्षा जर्मनी, ऑस्ट्रिया, इटलीकडे जास्त जाऊ लागला. १८९३ साली जपानच्या बोटी नियमित मुंबईला येऊ लागल्या, आणि मग जपान सगळ्यांत मोठा गिऱ्हाईक झाला. त्यांना जाडं सूत काढायला आखूड तारेचा स्वस्त कापूस चाले. बणीचा रुईचा उतारा जेमतेम पाव हिस्सा. रोझियम नावाची आखूड जात शंभर शेर कापसात चाळीस शेरांच्या घरात रुई देई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खुद्द शेतकी खात्यानेच रोझियम वाढवला. शेतकऱ्यानेही तो आनंदाने पेरला, हिशेब साधा होता. पण त्या एका हिशेबाने आम्ही चांगला माल पिकवणारे राहिलो नाही, भरपूर माल पिकवणारे झालो.

आता मंदीने बांधून टाकलं म्हणतो ते कसं, ते सांगतो. १८६०नंतर वऱ्हाडात जमिनीची मोजणी झाली, खातेदाराच्या नावाने सारा ठरला, तो रोखीत. खातं नावावर झालं तशी जमीन गहाण टाकता येऊ लागली, विकता येऊ लागली. ज्वारी पिकवली तर घर खातं, पण रोकड येत नाही. कापसाला रोकड येते, म्हणून सावकारही कापसाच्या पेऱ्यावरच पैसे देतो. भाव चांगला असला तर माणूस लोभाने कापूस लावतो. भाव पडला तर तोच हप्ता भागवायला आणखी दोन एकर लावतो. तेजीतून माघारी येता येतं, कर्जातून येत नाही. भाव उतरणीला लागले असताना कापसाचा पेरा वाढत गेला त्याचं मला दुसरं कारण दिसत नाही.

विणकरांचंही याच काळात आटोपलं. मध्य प्रांत-वऱ्हाडचा कापूस कमिशनर रिव्हेट-कारनॅक याने आपल्या अहवालांत उघडच लिहून ठेवलं आहे, की आगगाडीने स्वस्त विलायती कापड आलं की इथले कोष्टी माग सोडून शेतीकडे वळतील आणि त्यांच्या मागांवर खपणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल. लपवाछपवी नाही. त्या माणसाचा मला रागही येत नाही. त्याची नोकरीच ती होती.

१८६७च्या मोजणीत वऱ्हाडात सुमारे २२ लाख माणसं होती, १८८१मध्ये २६ लाख ७२ हजार, १८९१मध्ये २८ लाख ९७ हजार. बाहेरून माणसं वेचणीला, जिनात, हमालीला येत होती. वऱ्हाडात दुष्काळ पडत नाही, अशी साहेबांची खात्री होती. १८९६-९७ला पहिला तडाखा बसला, १८९९-१९००ला दुसरा, ज्याला संवत १९५६वरून छप्पनचा म्हणतात तो. १९०१च्या शिरगणतीत आकडा २७ लाख ५४ हजारांवर आला. दहा वर्षांत १ लाख ४३ हजार माणसं कमी, तीही वाढीची भर वगळून. धान्य नव्हतं असं नाही. ज्या आगगाडीने कापूस जात होता तीच परप्रांतातलं धान्य आणत होती. विकत घ्यायला मजुराकडे पैसा नव्हता, आणि पेवं रिकामी होती, कारण पेवात साठवण्यासारखं पीक शेतात कमी झालं होतं. दुसऱ्या दुष्काळानंतर दोनच वर्षांनी, १९०२ साली, कर्झनने निजामाकडून वऱ्हाड कायमचं पट्ट्याने घेतलं. दरसाल २५ लाख रुपये, म्हणजे माणशी रुपयासुद्धा नाही.

कापसाने वऱ्हाडाला काहीच दिलं नाही, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. अमरावतीत १८९७ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष. ते वकील, तो मांडव, ती वर्गणी, सगळ्यामागे कापूस आणि कापसावरचे दावे. जमशेटजींनी १ जानेवारी १८७७ला एम्प्रेस मिल सुरू केली ती मुंबईत नव्हे, नागपुरात, कापसाच्या दारात. हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अकोला इथेही गिरण्या झाल्या. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली कारंज्याला झाला आणि १८९७ साली वऱ्हाडच्या बाजारांसाठी वेगळा कायदा आला. हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या समित्यांत भरणा व्यापाऱ्यांचा होता. वजन, हमाली, धर्मादाय, कडता, सगळ्याचे नियम झाले. भाव कसा ठरावा याचा नियम झाला नाही.

भाव प्रतीवर ठरतो आणि प्रत बोटांवर. ढिगाच्या वरचा कापूस कोणीही पांढरा ठेवतो, म्हणून हात कोपरापर्यंत आत घालायचा. आतला कापूस गार लागला तर ओल आहे. मुठीत दाबून सोडायचा. चांगला असला तर फुलून वर येतो. मग कवडी किती, पाला किती ते बघायचं. शेवटी एका सरकीवरची रुई चिमटीने ओढायची, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून पुन्हा पुन्हा ताणायची, आडवेतिडवे तंतू गळून पडतात आणि सरळ तंतूंची बारीक पट्टी उरते. ती पट्टी नखाशी लावली की तार किती ते कळतं. समोर कास्तकार तुमच्या बोटांकडे बघत उभा असतो. ‘बापू, एच-फोर आहे जी, पाणी न्हाई मारलं, लेकराची आन.’ आपण ‘एफएक्यू’ ही वरची प्रत म्हणतो किंवा ‘फेअर’ ही खालची म्हणतो, आणि त्याचं वर्ष ठरतं. लिव्हरपूलचे दलाल हेच करत, ओसाकाचे खरेदीदार हेच करत. फरक इतकाच की त्यांच्या समोर कास्तकार उभा नसे.

ओसाकाचा उल्लेख उगाच केला नाही. १९३३ साली सरकारने लँकेशायरच्या सोयीसाठी जपानी कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली. जपानी गिरण्यांनी उत्तर म्हणून हिंदुस्थानी कापूस घेणं बंद केलं. आधीच जागतिक मंदी, त्यात हा बहिष्कार. १९३४च्या जानेवारीत तडजोड झाली: जपानने १५ लाख गाठी घ्यायच्या आणि बदल्यात ४० कोटी वार कापड इथे विकायचं. लँकेशायर आणि ओसाका यांच्या भांडणात अकोल्याच्या कास्तकाराला कोणी विचारलं नव्हतं. त्याआधी १९३३लाच मध्य प्रांत सरकारला कर्जतडजोडीचा कायदा करावा लागला. तोवर न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते नि बंद भाव तारेने मुंबईला येत आणि त्यांच्या आकड्यावर सट्टा लागे. पुढचा मटका त्यातूनच निघाला. आमच्या पिकाच्या भावावर जुगार खेळणाऱ्यांची संख्या पिकवणाऱ्यांपेक्षा कमी नसावी.

१९७२पासून महाराष्ट्राने कापसाची एकाधिकार खरेदी केली, म्हणजे राज्यातला कापूस सरकारनेच घ्यायचा. निर्णय वऱ्हाडात आणण्याचा तो एकच मोठा प्रयत्न, आणि मी त्याचं मीठ खाल्लं आहे. बाहेर भाव पडला तेव्हा या योजनेने शेतकऱ्याला तारलं. बाहेर भाव चढला तेव्हा तोच शेतकरी रात्री गाड्या भरून मध्य प्रदेशात नि आंध्रात कापूस नेऊ लागला, कारण आमच्याकडे चुकारे हप्त्याहप्त्याने मिळत. तोटा वाढत गेला. २००२ला खासगी व्यापार पुन्हा खुला झाला. योजना वाईट होती असं मी म्हणणार नाही. दुनियेशी बांधलेल्या पिकाला एका राज्याची भिंत घालता येत नाही, एवढं म्हणेन.

मुंबईचा भाव आजही खंडीवर निघतो, ३५६ किलोंच्या. जुन्या ७८४ पौंडांच्या खंडीचं ते किलोतलं रूप. ५ मार्च २०१२ला केंद्राने कापसाची निर्यात अचानक बंद केली, कारण गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता. १९ ऑगस्ट २०२५ला आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क माफ केलं, कारण गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता. ही माफी आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, मग ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. वऱ्हाडात कोरडवाहू कापसाची पहिली वेचणी दसरा-दिवाळीला घरी येते.